बंदर उघडण्याआधी मासळी मोजा : मत्स्यव्यवसाय आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

३१ जुलैच्या रात्री आमच्या बंदरावर कुणी झोपत नाही. दोन महिने शाकारून ठेवलेल्या होड्या पाण्यात उतरलेल्या असतात. बर्फाच्या लाद्या फोडून खणात भरणं चाललेलं असतं, डिझेलचे कॅन या हातातून त्या हातात जात असतात, डोंगरपट्ट्यातून आलेले खलाशी जाळ्याच्या ढिगावर बसून राहिलेल्या गाठी मारत असतात. तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, घरची बाई होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, हळद-कुंकू लावते, नारळ वाढवते. बाराचा ठोका पडला की एकेक इंजिन सुरू होतं आणि बघता बघता धक्का रिकामा होतो. हंगाम उघडला.

चार-सहा दिवसांनी त्या होड्या परत येतात तेव्हा पहिली टोपली ज्या काट्यावर चढते, तशा एका काट्यावर मी २६ वर्षं वजनं लिहिली. पालघर जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत मी कारकून होतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. घर कोळ्याचं, वडील आणि थोरला भाऊ वागरा जाळं मारणारे. मला दर्या लागायचा म्हणून मी जमिनीवर राहिलो आणि वही धरली. हे पत्र त्या वहीच्या जोरावर लिहितो आहे.

माझं मागणं एकच आहे. हंगाम तारखेवर उघडू नका, मोजणीवर उघडा, आणि ती मोजणी आमच्या डोळ्यांसमोर ठेवा.

पूर्वी हंगाम नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर सुरू व्हायचा. आता पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक नौकांना बंदी असते. बंदी हवीच, याबद्दल आमच्यात दुमत नाही. उलट आमचे कित्येक तांडेल म्हणतात की ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जाळ्यात येणारी पापलेट गाभोळीने फुगलेली असते, तिला अजून थोडे दिवस द्या. कुणी म्हणतं १५ ऑगस्टपर्यंत बंदी ठेवा, कुणी म्हणतं पुरे नव्वद दिवस ठेवा. दर मे महिन्यात निवेदनं निघतात, मोर्चे निघतात, बैठका होतात. पण त्या बैठकांत एक प्रश्न मी कधी कुणाला विचारताना ऐकला नाही : यंदा दर्यात मासळी आहे किती? तो आकडा टेबलावर नाही म्हणून आवाजावर निर्णय होतो. ज्याची संघटना मोठी त्याचा आवाज मोठा.

आता माझ्या वहीविषयी. पापलेटीचा लिलाव वजनाच्या प्रतीवर चालतो हे आपल्या खात्याला ठाऊक आहे. सुपर, मग एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. मी कामाला लागलो तेव्हा छापील वहीत हे पाच रकाने होते आणि ते पुरायचे. पुढे एका वर्षी चारच्याही खालची मासळी इतकी यायला लागली की मी पट्टी घेऊन हाताने सहावा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'बारीक'. सुरुवातीला तो रकाना आठवड्यातून एखाद्या दिवशी भरायचा. नंतर रोज. शेवटच्या काही वर्षांत छापखान्यालाच सांगून सहावा रकाना छापून घेतला. सुपरचा रकाना मात्र काही दिवस कोरा जायला लागला. त्या सहाव्या रकान्यातली पापलेट हातात घेतली तर तळव्यावर मावते. अंगावरची चांदी अजून बोटाला लागते, पाठीचा काटा नीट कडक झालेला नसतो. एका टोपलीत अशा किती बसतात ते मोजायचा मी एकदा प्रयत्न केला होता. मागे टोपल्यांची रांग लागली म्हणून सोडून दिला.

हा रकाना कुणी कधी मागितला नाही, साहेब. सोसायटीचं ऑडिट झालं, रुपये-पैसे तपासले गेले, डिझेलच्या परताव्याची कागदपत्रं दहा वेळा मागवली गेली. बारीक किती आली, हे २६ वर्षांत एकाही टेबलावरून विचारलं गेलं नाही.

याची खरी किंमत मला घरापासून फार लांब गेल्यावर कळली. माझी मुलगी अमेरिकेत पोर्टलंडला असते. एका सप्टेंबरात आम्ही नवरा-बायको तिच्याकडे होतो. जावई म्हणाला, बाबा, तुम्हाला मासे दाखवतो, आणि तास-सव्वातासावर कोलंबिया नदीच्या बॉनव्हिल धरणावर घेऊन गेला. धरणाच्या कडेने माशांना वर चढायला पाण्याच्या पायऱ्या केल्या आहेत. त्या पायऱ्यांच्या शेवटी, जमिनीखालच्या खोलीत जाड काच लावली आहे आणि काचेपलीकडून नदी वाहते आहे. समुद्रातून आलेला सॅमन त्या काचेसमोरून वर जातो. हातभर लांबीचा चिनूक जातीचा सॅमन, पाठीवर काळे ठिपके, कल्ल्याजवळ जाळ्याचा किंवा सीलच्या दातांचा ओरखडा, पाण्याच्या जोरापुढे क्षणभर स्थिर होतो, शेपटीचा एक फटका मारतो आणि दिसेनासा होतो. काचेच्या कोपऱ्याला वामसारखा एक लांबडा लॅम्प्रे मासा तोंड चिकटवून लोंबत होता. माझी बायको तासभर तिथून हलली नाही.

(आपल्याकडे हॉटेलात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण रावसाचं आणि याचं काही नातं नाही. हा समुद्रात वाढतो, अंडी घालायला जन्मल्या नदीत परततो आणि चिनूक तर अंडी घालून मरूनच जातो.)

मला मात्र मासळीपेक्षा दुसऱ्या एका खिडकीचं कुतूहल होतं. तिथे पगारी माणसं बसतात आणि समोरून जाणारा एकेक मासा मोजतात. प्रत्येक जातीला वेगळं बटण. १९३८ साली धरण सुरू झालं तेव्हापासून ही मोजणी चालू आहे. काल किती चिनूक गेले, किती कोहो, किती स्टीलहेड, हा आकडा दुसऱ्या दिवशी कुणालाही पाहता येतो. मुलीने तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर काढून दाखवला. त्यात चिनूकचे दोन रकाने होते. एक मोठ्यांचा आणि एक 'जॅक'चा. जॅक म्हणजे वेळेआधी, लहान वयात नदीत परतणारे नर. मी विचारलं, बारक्यांचा रकाना वेगळा कशाला? तर यंदा जॅक किती आले त्यावरून पुढच्या वर्षी त्यांची मोठी भावंडं किती येतील याचा अंदाज बांधतात.

माझा सहावा रकाना, साहेब. आमच्याकडे तो फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्याच्या, गाडीत जातो आणि अमेरिकेत त्याच्यावरून पुढचा हंगाम ठरतो.

हा अंदाज तिथे कागदावर राहत नाही. वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया या तीन राज्यांसमोरच्या समुद्रातल्या सॅमनचा हंगाम पॅसिफिक मत्स्य व्यवस्थापन परिषद नावाची संस्था दरवर्षी नव्याने ठरवते. १९७६ च्या कायद्याने ती स्थापन झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठल्या नदीत किती मासे परतणार याचे अंदाज प्रसिद्ध होतात. त्यावरून हंगामाचे तीन पर्याय लोकांपुढे मांडले जातात. किनाऱ्यावरच्या गावांत सुनावण्या होतात, होडीवाले माइकवर येऊन बोलतात, आणि एप्रिलमध्ये निर्णय होतो. कोणत्या पट्ट्यात, किती दिवस, एका होडीने आठवड्यात जास्तीत जास्त किती मासे आणायचे, किती लांबीच्या खालचा मासा परत सोडायचा, एकूण किती धरले की बंद. नदीतली मासेमारी तर याहून बारकाईने चालते. कोलंबियाच्या खालच्या अंगाला जाळं मारायला ओरेगन आणि वॉशिंग्टन मिळून कधी कधी फक्त एका रात्रीची परवानगी देतात. संध्याकाळी अमुक वाजता जाळं पाण्यात, सकाळी अमुक वाजता बाहेर. मग आलेली मासळी आणि खिडकीतले आकडे बघायचे आणि पुढच्या रात्रीचं ठरवायचं.

आणि आकडा वाईट आला तर बंदही करतात. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीत जॅक अगदी थोडे परतले. २००८ ला तिथला समुद्री सॅमनचा धंदेवाईक हंगाम उघडलाच नाही, २००९ लाही नाही. पुढे २०२३, २०२४ आणि २०२५, सलग तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या होड्यांना सॅमनची धंदेवाईक मासेमारी बंद होती. २०२३ ला तर तिथल्या कित्येक मच्छीमारांनीच बंद करा म्हणून पाठिंबा दिला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसलो. आमच्याकडे एका आठवड्याची बंदी वाढवायची तर गावात दोन तट पडतात. त्यांनी वर्षाच्या रोजीरोटीवर पाणी कसं सोडलं? माझ्या मते याचं कारण त्यांचा आकड्यावर विश्वास होता. तो आकडा त्यांनी बनताना पाहिला होता.

आपण म्हणाल, सॅमन नदीत येतो म्हणून मोजता येतो, पापलेट कुठल्या पायरीवरून मोजणार? बरोबर आहे. आपल्या दर्यात एकाच जाळ्यात पंचवीस जाती येतात. दर जातीचा टनाटनाचा कोटा ठरवणं आज शक्य नाही आणि मी ते मागतही नाही. पण दर्यातली मासळी मोजता येत नसली तरी धक्क्यावरची येते. प्रत्येक टोपली कुठल्या तरी काट्यावर चढतेच. सहकारी सोसायट्या असलेल्या बंदरांत तर वहीत नोंदही होते, होडीच्या नावासह, प्रतीसह. सीएमएफआरआय या केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक बंदरांवर येऊन नमुने घेतात, त्यावरून दरवर्षी राज्याच्या आवकेचा अंदाज काढतात. ते काम मोलाचं आहे. पण तो अंदाज हाती येतो तोवर पुढचा हंगाम सुरू झालेला असतो आणि माझ्या बंदरात काय घडलं ते त्यात शोधूनही सापडत नाही.

तेव्हा पापलेटीपासून सुरुवात करा. ४ सप्टेंबर २०२३ ला सरकारने तिला राज्य मासा केलं. सातपाटीच्या लोकांची ती मागणी होती आणि त्या दिवशी सगळ्या किनाऱ्याला आनंद झाला. मान दिलात, आता तिची शिरगणती करा. गुजरात सीमेजवळच्या झाईपासून खाली प्रत्येक मोठ्या बंदरावर दर आठवड्याला पापलेट किती आली, त्यात सुपर किती, बारीक किती, कुठल्या प्रकारच्या जाळ्याची किती, एवढी नोंद घ्या आणि पुढच्या सोमवारी त्याच बंदरावर फळ्यावर लावा. मोठं तंत्रज्ञान लागत नाही. काटा आहे, वही आहे, लिहिणारी माणसं आहेत. फळ्यावर आकडा लागला की खोटी नोंद टिकणार नाही. शेजारच्या होडीने काय आणलं ते बंदरावर सगळ्यांना माहीत असतं.

मग जुलैमध्ये, होड्या पाण्यात उतरण्याआधी, प्रत्येक तालुक्यात एक उघडी सुनावणी घ्या. गेल्या हंगामाचे आकडे मांडा, शास्त्रज्ञांना बोलवा, तांडेलांना बोलू द्या, मासळी विकणाऱ्या बायकांना तर आवर्जून बोलू द्या. बाजारात काय येतं आणि काय यायचं थांबलं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यावरून ठरवा की यंदा १ ऑगस्टला उघडायचं की पंधरा दिवस थांबायचं. हंगाम चालू असताना एखाद्या पट्ट्यात बारीक पापलेटीचं प्रमाण ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर गेलं, तर तो पट्टा आठ-पंधरा दिवस बंद करा. संपूर्ण किनारा बंद करायची गरज नाही. कोलंबियावर एका रात्रीचा हंगाम करता येत असेल तर आपल्याला एका पट्ट्याची पंधरा दिवसांची बंदी करता आली पाहिजे.

लांबीच्या नियमाविषयी थोडं स्पष्ट लिहितो, कारण तिथे मनात राग आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींची किमान कायदेशीर लांबी ठरवली. केरळने हे २०१५ पासून सुरू केलं होतं, आपण उशिरा का होईना केलं, त्याबद्दल मनापासून आभार. पापलेटीला १३५ मिलिमीटर. हातातल्या मोबाईलपेक्षाही कमी लांबी ती, वजन शंभर ग्रॅमही नाही. एवढी साधी मर्यादाही पाळली जात नसेल तर राज्य मासा म्हणण्याला अर्थ उरत नाही.

पण हा नियम पाळला जातो की नाही ते कुठे तपासायचं? दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका कोळणीला बाजारात तिच्या पाटीतल्या चार बारीक पापलेटींवरून दोन तास उभं करून ठेवलं. कोणतं शहर, कोणाची माणसं, ते मी लिहीत नाही. तिने ती पाटी पहाटे लिलावात विकत घेतली होती. तिच्याकडे ना जाळं, ना होडी. संध्याकाळपर्यंत तिची उरलेली मासळी बर्फावाचून खराब झाली. त्याच पहाटे त्याच धक्क्यावरून बारीक मासळीने भरलेला टेम्पो ताडपत्री टाकून निघून गेला होता आणि तो कुणी अडवला नव्हता. माशाची लांबी पाटीत मोजून काही साधत नाही, तोवर तो मेलेला असतो. ती जाळ्याच्या आसाला, म्हणजे भोकाला, मोजावी लागते, होडी धक्क्याला लागताना मोजावी लागते आणि फिशमीलला माल घेणाऱ्याच्या दारात मोजावी लागते. बारीक मासळी घेणारा आहे म्हणून ती आणली जाते.

आणि लिहिताना मी माझ्या लोकांनाही सोडणार नाही. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्यांनी अख्खा थवा वेढून उपसणाऱ्यांनी, दर्या धुऊन नेला असं आम्ही म्हणतो आणि त्यात खोटं नाही. डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींवरून ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने आदेश काढला : पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, ठरवून दिलेल्या क्षेत्रातच, आणि परवाने कमी करत करत १८२ वर आणायचे. एलईडीच्या झगझगाटात मासळी गोळा करून उपसण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. १९८१ च्या आपल्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन एलईडीसाठी ५ ते २० लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर कधी कधी शहरासारखा उजेड दिसतो. तो बंद व्हायलाच हवा. पण डोल जाळ्याचा बारीक आस, त्यात सापडणारी नखाएवढी पापलेट, हे पर्ससीनने आणलेलं नाही. ते आमच्याच भावकीतलं आहे. उत्तनपासून डहाणूपर्यंत कवींवरून, म्हणजे डोल जाळी बांधायला दर्यात रोवलेल्या खुंटांवरून, जी भांडणं झाली त्यात मी दोन्ही बाजूंची माणसं ओळखतो, दोन्हीकडे माझे सोयरे आहेत. कोणत्या जाळ्यातून बारीक किती येते याचा आकडा फळ्यावर लागला असता तर अर्धी भांडणं तिथेच मिटली असती. आकडा नसला की माणूस आडनाव बघतो.

जानेवारी २०२५ पासून आपण नऊ ठिकाणांहून ड्रोनची गस्त सुरू केली. चांगलं केलंत. बारा सागरी मैलांच्या आत परराज्यातला ट्रॉलर घुसला तर तो आता दिसतो. पण होडी कुठे आहे ते ड्रोनला दिसतं, होडीच्या खणात काय आहे ते दिसत नाही. ते काट्यावरच दिसतं. ड्रोनवर जेवढा खर्च होतो त्याचा छोटासा वाटा काट्यावरच्या माणसावर करा.

कोट्याची चर्चा आज ना उद्या आपल्याकडे येणार, म्हणून आत्ताच एक धोका सांगून ठेवतो. अलास्काने १९७३ साली सॅमनच्या परवान्यांची संख्या बांधली. होड्यांची गर्दी आवरली, ते चांगलं झालं. पण परवाने विकता येत होते. ब्रिस्टल बे हा जगातला सर्वांत मोठा सॉकाय सॅमनचा पट्टा. तिथल्या गावांतल्या मूळ रहिवाशांचे कितीतरी परवाने अडीअडचणीला विकले गेले आणि बाहेरच्यांकडे गेले. मासा घरासमोरून जातो आणि पकडायचा हक्क दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडे. आपल्याकडे कधी कोटा आलाच तर तो बंदराला द्या, सोसायटीला द्या. विकता येईल असा कागद माणसाच्या हातात देऊ नका. जमिनीचं काय झालं ते कोकणाने पाहिलं आहे.

याची दुसरी बाजूही मी तिथेच पाहिली. बॉनव्हिलहून थोडं पुढे, नदीच्या वरच्या अंगाला, कॅस्केड लॉक्स नावाचं गाव आहे. तिथे लोखंडी पुलाखाली मोठ्या बर्फपेट्या मांडून बायका सॅमन विकत होत्या. तिथल्या मूळ जमातींच्या त्या. सुरी चालवण्याची पद्धत, गिऱ्हाइकाशी बोलण्याचा ठसका, हिशेब तोंडी. माझी बायको इंग्रजीचा एक शब्द न बोलता त्यांच्याशी पाच मिनिटं बोलली आणि कल्ला उघडून ताजेपणा बघून मासा घेऊन आली. १८५५ च्या तहांनी त्या जमातींना त्यांच्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क दिला होता. पुढे शंभर वर्षं तो कागदावर राहिला, धरतील त्याला तुरुंग. मग १९७४ साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या खटल्यात निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा जमातींचा. १९७९ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो मूलतः मान्य केला. आज त्या जमातींचे स्वतःचे मत्स्यशास्त्रज्ञ आहेत आणि हंगाम ठरवताना ते टेबलावर सरकारच्या बरोबरीने बसतात. आम्हालाही निवेदन देऊन दाराबाहेर थांबायचं नाही. मोजणीच्या टेबलावर जागा द्या.

बंदीच्या दिवसांत घर कसं चालतं हेही त्याच टेबलावर बोलायला हवं. बचत-सह-मदत योजनेत मच्छीमाराने १५०० रुपये भरायचे, सरकार ३००० घालणार आणि तीन महिन्यांत मिळून ४५०० हाती येणार. महिन्याला दीड हजार. यात कुटुंबाचं किराणासामानसुद्धा होत नाही. हंगाम पुढे ढकला म्हणायचा अधिकार सरकारला हवा असेल तर थांबणाऱ्याचं पोट सरकारने त्याच आदेशात लिहिलं पाहिजे. कॅलिफोर्नियातही बंदीनंतरची मदत फार उशिरा पोहोचली, आणि तोवर कित्येकांना कर्ज काढावं लागलं. त्यांची मोजणी घ्या, हा उशीर घेऊ नका.

आणखी एक. सॅमन कमी झाला तो मुख्यतः जाळ्यांनी नव्हे. धरणांनी वाट अडवली, नद्यांचं पाणी वळवलं गेलं, दुष्काळात उरलेलं पाणी तापलं. सॅमनची वाट मोकळी करायला ओरेगन-कॅलिफोर्नियातल्या क्लामाथ नदीवरची चार धरणं पाडली. २०२४ मध्ये ते काम संपलं आणि काही दिवसांतच शंभर वर्षांत दिसला नव्हता तिथे सॅमन वर चढताना दिसला. आमच्याकडे खाड्यांत रासायनिक पाणी येतं, तिवरं तोडली जातात आणि आता वाढवणला मोठं बंदर उभं राहतं आहे. ज्या पाण्यात पापलेटीची पिल्लं वाढतात त्याच पाण्यात भराव पडणार. त्याच्या बाजूचं-विरोधातलं सगळं या पत्रात मांडत नाही. एवढंच म्हणतो की भराव पडण्याआधीचा आणि नंतरचा आकडा कुणाकडे तरी असायला हवा. उद्या मासळी घटली तर दोष पुन्हा आमच्याच जाळ्यांवर येईल आणि ते खोटं आहे हे दाखवायला आमच्या हातात काहीही नसेल.

माझ्याकडे जुन्या वह्या आहेत. सोसायटीने रद्दीत काढल्या तेव्हा मी परवानगीने घरी आणल्या. २६ हंगाम, होडीवार, तारीखवार, प्रतीवार. काहींना वाळवी लागली आहे, दोन वह्या पुराच्या पाण्यात भिजल्या त्यांची पानं एकमेकांना चिकटली आहेत, बाकी सगळं वाचता येतं. अशा वह्या इतर बंदरांवरच्या सोसायट्यांतही कपाटांत पडून असणार. खात्याने एक माणूस आणि एक स्कॅनर पाठवला तर पापलेटीचा या किनाऱ्यावरचा कितीतरी वर्षांचा इतिहास पुढच्या जुलैच्या आत उभा राहील. मी स्वतः बसून माझं अक्षर वाचून देईन, काही जुनी नावं आणि खुणा मलाच कळतात. कुठल्या कार्यालयात, कुणाला भेटायचं तेवढं कळवा. वह्या ट्रंकेत भरून तयार आहेत.

आपला,
काट्यावरचा एक निवृत्त कारकून,
जिल्हा पालघर